बेळगावातला पहिला रविवार

आम्हा चंदगडकडच्यांना बेळगाव म्हणजे बाजार नाहीतर दवाखाना. संध्याकाळच्या गाडीनं परत. आता इथंच राहायला आलोय, म्हणून आज दोघं निवांत फिरलो.

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, पाहिली, 1204 सालची. छताला दगडाचं कमळ, पाकळ्या खाली वळलेल्या. मान भरून आली तरी नजर हटेना. ह्यांनी हळूच माझा हात धरला.

गणपत गल्लीत ही गर्दी! कन्नड पाट्या मला वाचता येईनात. (शिकणार आहे, नक्की.) भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "कुठली गं तू?" चंदगड म्हटल्यावर, "मग आमचीच की!" म्हणत मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. डोळे भरून आले माझे.

येताना पाव किलो कुंदा, इथली दुधाची मिठाई, घेतला. दाणेदार, खरपूस. घरी बश्या अजून पोत्यातच, म्हणून खोक्यातूनच खाल्ला.