सगळे वर बघत होते

आम्ही झाडांची तपासणी आणि छाटणी करतो; पावसाळा तोंडावर आला की आमचे फोन थांबत नाहीत. विलेपार्ल्यातल्या एका जुन्या सोसायटीने बोलावलं ते आवारातल्या पर्जन्यवृक्षासाठी. सेक्रेटरी काकांचं ठरलेलंच होतं: "मॅडम, वरून अर्धा उडवून टाका. गाड्यांवर पडला तर?"

पालिकेकडून छाटणीची परवानगी आली होती, शेंडा उडवायची नव्हे. महाराष्ट्राच्या 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरतात, हे मी काकांना सांगितलं. त्याहून त्यांना पटलं ते दुसरंच. शेंडा उडवला की कापल्या जागेखालून भराभर पानसोट, म्हणजे सरळ वर जाणारे कोवळे फुटवे, फुटतात. ते नुसते सालीच्या आधाराने चिकटलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत जड होतात आणि वाऱ्यात नेमके तेच मोडून खाली येतात. वरची जखम भरत नाही ती नाहीच, तिथून पाणी मुरून खोड कुजतं.

पर्जन्यवृक्षाचा बुंधा ठणठणीत निघाला. पण गेटजवळच्या गुलमोहराकडे कोणी बघतच नव्हतं. बघत होते, पण फोटो काढायला. मे महिना, लालभडक फुललेला. बुडाशी पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला चिकटवून बसवलेले, आणि त्यांच्या फटीतून तपकिरी, कडेला पांढरी अशी फळीसारखी अळंबी बाहेर आलेली. लाकडी हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या गेटवर रोज शाळेची बस थांबते.

गेट तिथल्या तिथे बंद करायला लावलं आणि पालिकेच्या उद्यान विभागाला पाहणीसाठी कळवलं.

तोवर पर्जन्यवृक्षाचं काम. वाळक्या फांद्या काढल्या, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरलेली एक जाड फांदी. आमचे मामा दोर बांधून वर गेले. आधी बुंध्यापासून हातभर लांब, खालून काप. मग थोडं पुढे वरून. फांदी दोरावर अलगद खाली आली. खालचा काप नसता तर मोडताना सालीचा पट्टा खोडापर्यंत सोलत आली असती. उरलेला खुंट मामांनी शेवटी कापला, तोही खोडाशी सपाट नाही. फांदीच्या मुळाशी जी सुरकुतलेली फुगीर कड असते ती जपून. जखम तिथूनच मिटत येते. सपाट कापून वर रंग फासणारे अजून भेटतात, त्यांना काय म्हणावं!

वरच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं होतं, पिल्लांसकट. "ताई, इकडे हात नाही लावत," मामा वरूनच ओरडले. कावळीने तोवर त्यांच्या हेल्मेटवर दोनदा टोच मारली होती. ती बाजू राहू दिली.

पाहणी होऊन गुलमोहर काढायची परवानगी मिळाली. कापला तेव्हा बुडाशी जेमतेम चार बोटं लाकूड शाबूत होतं, आत सगळा भुसा.

बिलावर मात्र काकांनी हुज्जत घातलीच. अर्धं झाड उडवायचं ठरलं होतं, मग एवढ्याशा फांद्यांचे इतके पैसे कसे?