बुधवारी वाघाला सुट्टी

सोमवारी सकाळी मोठ्या शिशूच्या वर्गात शिरले तेव्हा हातात फक्त एक चिठ्ठी होती. वर्गाच्या ताई शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या होत्या आणि आठवडाभर त्यांच्या जागी मी. चिठ्ठीत तीन ओळी: 'प्राणी आठवडा चालू आहे. मुखवटे करून घ्या. बुधवारी कात्रजची सहल.' बस्स.

समोर सव्वीस मुलं. "आमच्या ताई कुठेत?" हे सव्वीस वेळा झालं. मग माझी परीक्षा सुरू झाली. आधी हजेरी घेतली तर "आमच्या ताई आधी प्रार्थना घेतात." प्रार्थना घेतली तर "हात असे नाही, असे." बदलीवर गेलेल्या बाईने इथे वाद घालू नये, हे मी फार पूर्वी शिकले आहे. "मला येत नाही, तुम्हीच दाखवा," म्हटलं की पाच वर्षांचं मूल लगेच आपल्या बाजूचं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गातल्या मावशी. कोणाला शूला नेलं नाही तर घोटाळा होतो, कोण डबा न खाता परत नेतो, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं त्यांना पाठ होतं. चिठ्ठीपेक्षा त्यांच्याशी पाच मिनिटं बोलले त्याचा उपयोग जास्त झाला.

मधल्या सुट्टीत चिठ्ठी पुन्हा वाचली आणि घास हातातच राहिला. बुधवारी कात्रज? पुण्यात वाढलेल्या कोणालाही विचारा, कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. ऑफिसात सांगितलं. फोनाफोनी झाली, बस दुसऱ्या दिवशी मोकळी नव्हती, सहल पुढच्या आठवड्यावर गेली. पुढच्या आठवड्यात मी नसणार होते. आणि मुलांना हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

रडारड होईल असं वाटलं होतं. मी म्हटलं, "बुधवारी तिथे सुट्टी असते." सगळे गप्प. मग पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "वाघाला पण सुट्टी असते?"

"मग तो काय करतो?"

"झोपतो."

"पप्पांसारखा लोळतो."

"त्याला डबा कोण देतं?"

इथे माझा आठवडा ठरला. वर्गात प्राणिसंग्रहालय मांडायचं म्हटलं की नेहमी एकच चित्र होतं: चार मुलं वाघ-सिंह होऊन गुरगुरतात, बाकीची तिकीट घेऊन बघतात आणि तिसऱ्या मिनिटाला कंटाळतात. बंदच्या दिवशी मात्र बघायला कोणीच नसतं, आत असतात ती नुसती कामं. म्हणजे सव्वीस जणांना काहीतरी करायला मिळणार.

मंगळवार मुखवट्यांचा. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणि बारीक इलॅस्टिक आणलं होतं. सपशेल फसलं. इलॅस्टिक कानाला काचतं, भोकं डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि एक मुलगा शेजारच्याचा वाघ बघून असा घाबरला की मावशींच्या पदरात जाऊन बसला. दुपारी सगळी इलॅस्टिकं कापली आणि मुखवट्यांना मागून आइस्क्रीमच्या काड्या चिकटवल्या. मुखवटा हातात धरला की चेहरा उघडा राहतो, भीती वाटली तर खाली घेता येतो. लहान मुलांना तोंडावर बांधायचा मुखवटा देऊ नये, हे माझं आता ठाम मत झालं आहे.

जमलं ते ठसेकाम. भेंडी आडवी कापून तिचे काळे ठसे पिवळ्या कागदावर उमटवायचे. बिबट्याच्या अंगावर भरीव ठिपके नसतात, काळ्या कड्यांची फुलं असतात. भेंडीचा ठसा बराचसा तसाच उमटतो. चित्त्याचे ठिपके भरीव, त्यासाठी नुसतं बोट. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मुलांना फरक मी न सांगता दिसला. एवढ्यात एक मुलगा, जो सोमवारपासून एक अक्षर बोलला नव्हता, ठसा मारता मारता म्हणाला, "आमच्या मामाच्या गावी खरा येतो. उसात." मामा जुन्नरचे. संध्याकाळी पोरांना अंगणात सोडत नाहीत, कुत्र्याला घरात घेतात, हे त्याने असं सांगितलं की वर्ग थिजला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, तिथे जखमी आणि पकडलेले बिबटे ठेवतात, एवढी भर मी घातली. पण त्या दिवशी वर्गातला तज्ज्ञ तोच होता. पुढचे तीन दिवस बिबट्याबद्दलचे सगळे प्रश्न त्याच्याकडे गेले.

आवाजांचा खेळ घेतला नसता तर बरं झालं असतं, असं शेजारच्या वर्गाच्या बाईंचं म्हणणं आहे. मला मात्र हे शब्द मुलांच्या कानावर घालायचेच होते. सगळेच प्राणी 'ओरडतात' असं मुलं म्हणतात. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, सापाचा फूत्कार. छावा कोणाचा, पाडस कोणाचं, हेही ओघाने आलं. सव्वीस जणांनी एकदम डरकाळी फोडल्यावर त्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मला साप आठवला. सापाला पापण्या नसतात, तो डोळे मिटूच शकत नाही. "आता सगळे साप. जो पापणी लववेल तो बाद." अख्खा वर्ग टक लावून बसला. ही शांतता मी आठवडाभर पुरवून पुरवून वापरली. हात मोकळे झाले की 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र' होतंच; 'शेकरू भुर्र' म्हटल्यावर निम्मी बोटं वर गेली. शेकरू म्हणजे भीमाशंकरच्या जंगलातली मोठी खार आणि आपला राज्यप्राणी, हे मुलांना तेव्हा कळलं. पण ती या झाडावरून त्या झाडावर एवढी लांब उडी मारते, तर बोट वर केलं त्यात चूक काय, असा वाद एकाने घातला. मी हरले.

बुधवारी बाकं भिंतीला लावली. पिंजरे करायचे नाहीत असं मुलांनीच ठरवलं. निळ्या खडूने खंदक काढला, आत वाघ, बाहेर माणसं. झाडलोटवाले, डबेवाले, डॉक्टर, वहीत नोंद करणारे अशा चार टोळ्या केल्या. अर्ध्या तासाने टोळ्या बदलायच्या. लाल घोटीव कागदाचे गोळे म्हणजे मांस, मेथीच्या काड्या म्हणजे चारा. कोणाला काय द्यायचं यावर डबेवाल्यांचं भांडण झालं, आणि वर्गीकरण म्हणून जे मी फळ्यावर शिकवणार होते ते त्या भांडणातच होऊन गेलं. अस्वलाला दोन्ही चालतं हे मात्र मला सांगावं लागलं. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, हे सांगितल्यावर "म्हणजे वाघाची एकादशी" असा निकाल लागला. एकाने लगेच साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली.

डॉक्टरांच्या टोळीने हत्तीला चौदा इंजेक्शनं दिली. तीन ओढण्यांना गाठी मारून केलेला अजगर सरळ करून मोजायला सहा जण लागले, आणि वहीत त्याची लांबी 'सहा मुलं' अशी लिहिली गेली.

न्यायला आलेल्या एक आजी दारातून बघत होत्या. "आमच्या वेळी वाघ पेशवे पार्कात होता," म्हणाल्या. माझ्याही वेळी. सारसबागेशेजारचं ते प्राणिसंग्रहालय 1953 सालचं. कात्रजचं 1999 मध्ये सुरू झालं आणि मग प्राणी हळूहळू तिकडे गेले. लहानपणचं मला वाघापेक्षा तिथल्या जाळ्या आणि वास जास्त आठवतात, आणि फुलराणी या छोट्या आगगाडीतली खिडकीकडची जागा. आजींना फुलराणीचं तिकीट किती होतं तेही आठवत होतं. आम्ही दोघी बोलत बसलो आणि त्यांच्या नातवाने तेवढ्यात हत्तीचा कान दप्तरात घातला.

गुरुवार-शुक्रवार साधेच गेले. मातीकाम, रंग, थोडा पसारा आवरणं.

शुक्रवारी निघताना मी ताईंसाठी चिठ्ठी लिहायला बसले. सांगण्यासारखं खूप होतं, पण घंटा झाली आणि मावशी कुलूप घेऊन उभ्या होत्या. शेवटी एवढंच लिहिलं: 'सहल पुढच्या आठवड्यात, बुधवार सोडून. बिबट्याचं काही अडलं तर जुन्नरवाल्याला विचारा. हत्तीचा डावा कान एकाच्या घरी आहे, सोमवारी आणतो म्हणालाय.'