पोटदुखी आईची, परीक्षा सोनोग्राफीच्या खिडकीवर

आईच्या पोटदुखीला घरात सगळे पित्तच म्हणायचे. ओवा, सोडा, उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. पण कळ यायची उजव्या बरगडीखाली, बहुतेकदा रात्री, तळकट खाल्ल्यावर, आणि जायची थेट उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत. मी कॅलेंडरवर वेळ आणि आधीचं जेवण लिहून ठेवू लागले. त्याचा फार उपयोग झाला. सरकारी रुग्णालयातल्या सर्जननी ते वाचलं, बरगडीखाली बोटं रोवून आईला खोल श्वास घ्यायला लावला, तर तिचा श्वास अर्ध्यातच अडकला. आईचं वय बघून त्यांनी आधी ईसीजी काढला, कारण पोटाच्या वरच्या भागातली कळ हृदयाचीही असू शकते. मग पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी लिहून दिली.

इथे आमची गाडी अडली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, सकाळी 9, उपाशीपोटी. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत, म्हणून साधारण 8 तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, दुधाचा चहा नाही. हे सगळं पटतं. पण आईला मधुमेह आहे! अकरा वाजले, बारा वाजले. खिडकीवर दरवेळी एकच उत्तर, "ताई, नंबर आला की बोलावू." बारानंतर आईचे हात थरथरायला लागले, ब्लाऊज घामाने चिंब. सिस्टरांनी बोटाला टोचून साखर पाहिली तर 62. 70 च्या खाली गेली की ती धोक्याची. त्यांनी ताबडतोब साखरपाणी पाजलं. त्यावर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आता पोटात गेलं ना, नवी तारीख घ्या."

ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. मी हटले नाही, सरळ आतल्या डॉक्टर मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "पित्ताशय आकसतं ते मुख्यतः तेलातुपाने, दुधाने. एवढ्या साखरपाण्याने काही अडत नाही. आणा त्यांना आत." खडे स्पष्ट दिसले.

मधुमेही माणसाला उपाशी बोलवायचं तर पहिल्या नंबरात घ्यायलाच हवं. चिठ्ठीवर 'मधुमेह' असं डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या आणि पोचल्या पोचल्या ते खिडकीवर दाखवा. त्या सकाळच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारा. जवळ साखर ठेवा.

पुढे आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, ते छान पार पडलं. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र आपल्या युनिटच्या, म्हणजे आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या गटाच्या, ओपीडीच्या दिवशीच दाखवता येतो, तो वार केसपेपरवर बघून ठेवा. आणि हो, तारखेची वाट बघताना थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कळ काही तास थांबलीच नाही, तर तारीख विसरा आणि तडक अपघात विभागात जा. नुसते खडे दिसले म्हणून घाबरू नका. दुखत नसतील तर बहुतेकदा नुसती नजर ठेवतात, शेजारच्या खाटेवरच्या काकूंच्या सुनेला सर्जननी तेच सांगितलं.