डॉलर गेले कुठे? एका शब्दापायी अकरा दिवस

मी भाषांतराची कामं करते, क्लायंट दुसऱ्या देशातला, पैसे डॉलरमधे येतात. एरवी दोन दिवसांत जमा व्हायचे त्यामुळे ते येतात कसे याच्याशी मला काही घेणंदेणंच नव्हतं. या वेळी क्लायंटने सोमवारी पाठवले, 'पेमेंट सक्सेसफुल'चा स्क्रीनशॉट पण आला, आणि खात्यात काहीच नाही. चौथ्या दिवशी बँकेत गेले तर म्हणे आमच्याकडे आलेलेच नाहीत, तिकडची बँक म्हणे आमच्याकडून गेलेत. म्हणजे पैसे आहेत तरी कुठे, हवेत?

दोन काउंटर फिरल्यावर फॉरेक्स डेस्कवरच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, एमटी 103 आहे का?" मला वाटलं एखादा फॉर्म असेल. तर बँकेने बँकेला स्विफ्टवरून (बँकांचं आपसातलं निरोपांचं नेटवर्क) जो पेमेंटचा मेसेज पाठवला त्याची ही कॉपी. (नवीन आयएसओ 20022 फॉरमॅटमधे त्याला पॅक्स 008 म्हणतात, साहेब तरी 103 च म्हणत होते.) स्क्रीनशॉटचा काडीचा उपयोग नाही, क्लायंटने त्याच्या बँकेकडून ही कॉपी मागवून द्यायची. दुसऱ्या दिवशी मिळाली. त्यात युईटीआर म्हणून त्या पेमेंटचा स्वतःचा 36 कॅरेक्टरचा लांबलचक नंबर असतो, मधे मधे डॅश, तो साहेबांनी ट्रॅकरवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्लायंटची बँक, झालं. मधली एक बँक, झालं. त्यापुढची न्यूयॉर्कमधली बँक, पेंडिंग. कारण? काही नाही, नुसतं पेंडिंग.

न्यूयॉर्क कुठून आलं मधेच? क्लायंट अमेरिकेत नाही, मी पण नाही.

मग साहेबांनी जे सांगितलं ते ऐकून खरंच डोकं फिरलं. स्विफ्टमधून पैसे जातच नाहीत, फक्त निरोप जातो. बेल्जियममधली बँकांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे ती, 1973 साली सुरू झालेली, तिच्याकडे कुणाचा एक पैसा नसतो. नोटा सोडल्या तर डॉलर अमेरिकेबाहेर पडतच नाहीत! बाहेरच्या देशातल्या बँका अमेरिकन बँकेत आपलं डॉलर खातं ठेवतात, आपल्या बाजूने त्याला नॉस्ट्रो म्हणायचं, त्या अमेरिकन बँकेच्या बाजूने तेच व्होस्ट्रो. पैसे 'आले' म्हणजे तिथे एका बँकेच्या खात्यातून कमी करून दुसऱ्या बँकेच्या खात्यात टाकले, आणि दोघांची खाती वेगवेगळ्या अमेरिकन बँकांत असतील तर त्या बँका आपसात चिप्स नाहीतर फेडवायर या तिकडच्या पेमेंट सिस्टिमवर हिशोब मिटवतात. मग निरोप माझ्या बँकेला, आणि ती माझ्या खात्यात आकडा वाढवते. म्हणजे माझे डॉलर कुठे प्रवासात हरवले नव्हते, एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंद व्हायची राहिली होती.

आणि ती नोंद अमेरिकेत होते म्हणून तिकडचा कायदा लागतो, पाठवणारा-घेणारा कुठलाही असो. तिथल्या ट्रेझरीचं ओफॅक नावाचं ऑफिस निर्बंधांच्या, म्हणजे कुणाशी व्यवहार चालणार नाही त्याच्या, याद्या काढतं, बँका प्रत्येक मेसेज त्या याद्यांशी ताडून बघतात, हे काम सॉफ्टवेअर करतं आणि सॉफ्टवेअरला शब्द दिसतो, अर्थ नाही. माझ्या मेसेजमधल्या फील्ड 70 मधे, म्हणजे पेमेंट कशाचं ते लिहितात तिथे, क्लायंटने लिहिलं होतं 'हवाना फेज 2'. झालं! हवाना म्हणजे क्युबाची राजधानी, आणि क्युबावर अमेरिकेचे निर्बंध. हा क्लायंट प्रोजेक्टना शहरांची नावं देतो, क्युबाचा काही संबंध नाही, एका सॉफ्टवेअरच्या हेल्प पेजेसचं भाषांतर होतं ते.

हे अर्थात लगेच कळलं नाही. सातव्या दिवशी न्यूयॉर्कच्या बँकेकडून माझ्या बँकेला प्रश्न आला: हवाना म्हणजे काय, क्युबातल्या कुठल्या व्यक्तीशी किंवा कंपनीशी व्यवहार आहे का, इनव्हॉइस आणि करार पाठवा. त्याआधी मी तिकडे थेट ईमेल करून बघितला होता तर उत्तर एका ओळीचं, तुम्ही आमचे ग्राहक नाही. बरोबरच आहे म्हणा, त्यांचा ग्राहक म्हणजे बँक.

चिडून मी साहेबांना म्हटलं, तक्रार कुठे करू, या सगळ्या बँकांवर कुणीतरी असेलच ना? ते हसले. वर कुणी नाही. माझ्या बँकेवर माझ्या देशाचा रेग्युलेटर, न्यूयॉर्कच्या बँकेवर तिकडचे. मला वाटायचं स्वित्झर्लंडमधे बासेलला जी बँकांची समिती आहे ती सगळ्या जगातल्या बँकांवरची पोलीस असेल. घरी येऊन वाचत बसले तर बासेल समितीला कायदेशीर अधिकारच नाही, मध्यवर्ती बँका आणि रेग्युलेटर एकत्र बसून नियम ठरवतात, 1988 ला बँकेने जोखमीच्या प्रमाणात किमान 8 टक्के भांडवल ठेवायचा ठरवला तसा, आणि लागू करायचं ज्याने त्याने आपल्या देशात.

ही समिती निघाली ती पण अशाच मधल्या फटीमुळे. 26 जून 1974, कोलोनची हेरष्टाट बँक. समोरच्या बँकांनी तिला जर्मन मार्क देऊन टाकलेले, बदल्यात न्यूयॉर्कमधे डॉलर मिळायचे होते, पण तिकडे सकाळ होती आणि जर्मनीत दिवसाचं कामकाज संपताच तिथल्या रेग्युलेटरने बँक बंद केली. मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी समिती. माझं दुखणं त्याच्यापुढे चिल्लर, पण वाचून उगाच बरं वाटलं.

तर आठव्या दिवशी करार, इनव्हॉइस आणि क्लायंटचं एक पत्र (हवाना हे आमच्या प्रोजेक्टचं अंतर्गत नाव आहे, क्युबाशी संबंध नाही, खाली सही) असं सगळं दिलं. साहेबांनी बजावलं होतं की एकदाच पूर्ण द्या, अर्धवट दिलंत की पुन्हा प्रश्न येतो आणि पुन्हा रांगेत. अकराव्या दिवशी पैसे जमा, 28 डॉलर कमी. ते कुठे गेले? फील्ड 71 मधे एसएचए लिहिलेलं, म्हणजे पाठवणाऱ्या बँकेचा चार्ज क्लायंटचा आणि वाटेतल्या बँका जे कापतील ते माझ्या वाट्याला. ओयूआर लिहिलं असतं तर सगळा खर्च त्याच्याकडे. तीन वर्षं मी हे कापून घेत होते आणि समजत होते की डॉलरचा भाव खाली-वर होतोय.

पुढच्या पेमेंटला ओयूआर टाकायला क्लायंटला सांगितलंय, तो म्हणाला बघतो. पुढचा प्रोजेक्ट लिस्बन आहे म्हणे. तरी पण म्हटलं बाबा, फक्त इनव्हॉइस नंबर लिही.