गड्ड्यात छातीवर कॅमेरा

सोलापुरात कुणी 'जत्रेला जाऊ' म्हणत नाही. 'गड्ड्याला जाऊ' म्हणतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते, तीच ही गड्डा यात्रा. पुण्याला नोकरी लागल्यापासून माझी निम्म्या वर्षांची यात्रा रजेअभावी हुकली. यंदा मात्र रजा टाकली, संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि बॅगेत कपड्यांच्या आधी कॅमेरा ठेवला. (या गाडीचं नाव ज्या चार हुतात्म्यांवरून आहे, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. तारीख यात्रेच्या अगदी तोंडावर येते, त्यामुळे ती वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.)

बेत साधा होता. पाळण्यात बसलेल्या माणसाला जे दिसतं, तेच व्हिडिओत दिसायला हवं. त्यासाठी छातीवर पट्टा, पट्ट्यावर गोप्रो. ताईनं दारातच विचारलं, "हे काय बांधून घेतलास बे? बीपी मोजायचं मशीन?"

सकाळ काठ्यांची. नंदीध्वजांना आमच्याकडे काठ्याच म्हणतात. सात काठ्या, त्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' हा घोष. सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. तिथं मी कॅमेरा बॅगेतच ठेवला. शेजारच्या आजींनी माझ्या हातात अक्षता दिल्या होत्या, एका मुठीत त्या आणि दुसऱ्या मुठीत कॅमेरा हे काही बरं दिसेना. हे लग्न कुंभारकन्येचं. तिला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी करायला सांगितलं, अशी कथा आहे. पुढचा होमविधी ज्या मैदानात होतो ते होम मैदान, आणि त्याच मैदानात आकाशपाळणे उभे राहतात. लहानपणी हे काहीच माहीत नव्हतं. होम मैदान म्हणजे पाळणे, एवढंच.

संध्याकाळी भाच्याला घेऊन गेलो. त्याचं वय नऊ, आणि ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, कोलंबस हा क्रम त्यानं आधीच ठरवून ठेवला होता. पहिल्या दिवशीचं चित्रीकरण सपशेल वाया गेलं. घरी जाऊन बघतो तर सगळ्या दिव्यांवर काळे पट्टे वरून खाली सरकतायत. चूक माझीच. कॅमेरा ६० हर्ट्झच्या विजेसाठी लावलेला होता आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्यावरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद शटर उघडं ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टे जवळजवळ गेले. काही स्वस्त एलईडी माळा मात्र शेवटपर्यंत फडफडत राहिल्या, त्यांच्यापुढे हात टेकले.

दुसरी चूक मोठी होती. चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्यात जी सोय असते, ती मी सुरूच ठेवली होती. कोलंबसची होडी टोकाला जाऊन खाली कोसळत होती, भाचा किंचाळत होता, मी देवाचं नाव घेत होतो, आणि व्हिडिओत सगळं सिटी बससारखं चाललेलं! धक्का दिसला की कॅमेरा तो पुसून टाकतो. आणि आपण वीस मिनिटं रांगेत उभं राहिलेलो असतो ते त्या धक्क्यासाठीच. दुसऱ्या दिवशी ती सोय बंद केली.

कोलंबसवाल्यानं पट्ट्याकडे बघून आधी हातच आडवा केला. "गिरा तो? नीचे किसी के सर पे?" त्याचं बरोबर होतं. तेवढ्या उंचीवरून आलेला कॅमेरा म्हणजे दगडच. शेवटी त्यानंच कुठूनतरी सुतळी आणली, कॅमेऱ्यातून ओवून माझ्या बेल्टला दोन गाठी मारल्या आणि सांगितलं, "एकदम लास्ट में बैठो. पेट में गुदगुदी उधर ही है." खरं आहे ते. होडीची टोकं सर्वांत वर जातात, मधल्या बाकांना निम्मंही मिळत नाही. टोकाला क्षणभर बूड बाकावरून सुटतं. तो क्षण व्हिडिओत मी तीनदा शोधला. तिथं फक्त माझ्या हाताची बोटं दांड्यावर पांढरी पडलेली दिसतात.

मौत का कुंवामध्ये मी कॅमेरा छातीवरून काढून हातात घेतला. वरच्या फळ्यांवर उभं राहून खाली वाकायचं असतं. मोटारसायकल आधी तळाच्या उतरत्या कडेवर फिरते, वेग आला की उभ्या भिंतीवर चढते. वेगामुळे चाकं भिंतीवर दाबली जातात आणि त्या घर्षणावर माणूस टिकतो, हे शाळेत शिकलो होतो. पण गाडी अंगाखालून जाते तेव्हा हाताखालची फळी जी थरथरते, ती शाळेत नव्हती. लोक नोटा पुढे धरतात आणि तो हात सोडून त्या उचलतो. त्याच्या हातात कॅमेरा द्यायची कल्पना मनात आली होती, खोटं कशाला बोलू? मग त्याचा सुटलेला हात बघितला आणि गपचूप पन्नासची नोट धरली.

आवाजाचं तर विचारूच नका. प्रत्येक पाळण्याचं गाणं वेगळं, आणि चार गाणी एकावर एक. व्हिडिओ चढवला तर दहा मिनिटांत कॉपीराइटचा दावा. आता जवळपास सगळे व्हिडिओ मुके आहेत.

एक सोडून. आकाशपाळण्यात खाली माणसं भरताना आमचा डबा नेमका सर्वांत वर थांबला. वर वारा होता, गाणं खाली राहिलं होतं. एका बाजूला तळ्यात दिव्यांनी लखलखणारं सिद्धेश्वराचं देऊळ, दुसऱ्या बाजूला किल्ल्याची काळी तटबंदी. डबा कुरकुरत होता. अखंड बडबडणारा भाचा एकदम गप्प झाला, आणि मग हळूच म्हणाला, "मामा, आपलं घर कुठंय?" मी बोट दाखवलं. बहुतेक चुकीच्या दिशेला.

ताईनं तो व्हिडिओ दोनदा बघितला. "देऊळ झकास आलंय," म्हणाली, "पण ह्यात पोरगं कुठं दिसंना की."

छातीवरच्या कॅमेऱ्यात शेजारी बसलेलं माणूस येतच नाही. अगदी थांबवून बघितलं तर डाव्या कोपऱ्यात, माझ्या मनगटावर, त्याची चार बोटं आहेत.