रॉकेल लोहचुंबकामागे पळतं तेव्हा

मागच्या महिन्यात कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फेरोफ्लुइड करायला घेतलं आणि दोनदा तोंडावर आपटले. फेरोफ्लुइड म्हणजे ते काळं तेलकट पातळ, लोहचुंबक जवळ नेला की साळिंदरासारखे काटे उभे राहतात ते, व्हिडिओत बघितलंच असेल.

हे आलं कुठून तर १९६३ साली नासाच्या क्लीव्हलँडच्या सेंटरमध्ये स्टीव्ह पॅपेल म्हणून एक इंजिनिअर होता, त्याची कटकट अशी की अंतराळात वजनच नाही मग टाकीतलं इंधन पंपाच्या तोंडाशी यायचं कसं, ते कुठेही तरंगत बसणार. त्याने मॅग्नेटाइटची, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या लोखंडी ऑक्साइडची, पूड ऑलेइक ॲसिड (तेलात असतं ते एक आम्ल) घालून दिवसच्या दिवस दळली, इतकी बारीक की ती द्रवात मिसळूनच राहिली, म्हणजे आता द्रवच लोहचुंबकाने ओढायचा!

आम्ही दळत नाही बसलो, लोखंडाचे दोन क्षार घेतले, फेरिक क्लोराइड दोन भाग, फेरस क्लोराइड एक भाग आणि ढवळत ढवळत अमोनिया, की लगेच मॅग्नेटाइटचा काळा साका पडतो. पडायला हवा. आमचा पडला विटकरी. लॅबमधले मामा डोकावून म्हणाले, "मॅडम, हे तर गंजाचं पाणी झालं." बरोबरच होतं त्यांचं, फेरस क्लोराइडची बाटली जुनी, हिरवट असायचं ते पिवळं पडलेलं, म्हणजे हवेने त्याचं आधीच फेरिक होऊन बसलेलं आणि मी न बघता वापरलं.

दुसऱ्यांदा नवी बाटली, साका मस्त काळाकुट्ट. पण ऑलेइक ॲसिड घालताना हात आखडता घेतला. रॉकेलमध्ये टाकून लोहचुंबक लावला तर काळी पूड सगळी एका बाजूला जाऊन चिकटली आणि रॉकेल आपलं स्वच्छ, जागच्या जागी.

खरं तर सगळी गंमत मला तिथेच कळली. कण असतात साधारण १० नॅनोमीटरचे, एवढेसे कण उष्णतेनेच सारखे हलत राहतात म्हणून तळाशी बसत नाहीत, पण उघडे सोडले तर एकमेकांना धरून गुठळ्या होतात. ऑलेइक ॲसिडचं डोकं कणाला चिकटतं आणि कार्बनची लांब शेपूट बाहेर रॉकेलमध्ये राहते, कणाला जणू केस फुटतात, मग दोन कण एका मर्यादेपलीकडे जवळ येतच नाहीत. गुठळी नाही म्हणून पूड वेगळी होत नाही, आणि लोहचुंबकाने कण ओढले की सोबत अख्खं रॉकेल येतं.

तिसऱ्यांदा ॲसिड सढळ हाताने घातलं आणि वाटीत काटे आले!! पोरं ओरडलीच.

रॉकेटमध्ये नाही पण तुमच्या घरातल्या स्पीकरच्या ट्वीटरमध्ये, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, हे असू शकतं, कॉइलच्या फटीत थेंबभर, तिथल्याच लोहचुंबकाने धरून ठेवलेलं, कॉइलची उष्णता बाहेर काढायला. व्हॅक्यूमच्या यंत्रांत फिरत्या दांड्याभोवती याचंच कडं करतात, दांडा फिरतो आणि हवा आत शिरत नाही.

करून बघणार असाल तर लोहचुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. मी नाही गुंडाळला, तो अजून काळाच आहे, आणि ओढणीचा अमोनियाचा वास गेला पण डाग काही गेला नाही.