पावती नसलेलं भाडं

इतिहासाचीही शिकवणी असते हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे एमपीएससीची का?" नाही. बी.ए., एम.ए.च्या इतिहासाची. माझ्याकडे येतात ते बहुतेक नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणारे. पोलीस, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीतले लिपिक. सकाळी मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिथलं मानधन कधी येईल ते ज्योतिषालाच विचारावं, त्यामुळे संध्याकाळच्या या शिकवणीवर माझं घर चालतं.

या कामात प्रत्यक्ष इतिहास शिकवायला सगळ्यात कमी वेळ लागतो. जास्त वेळ जातो तो प्रश्न वाचायला शिकवण्यात. 'वर्णन करा' आणि 'चिकित्सा करा' या दोन्हींना मंडळी एकच उत्तर लिहून येतात आणि वर अभिमानाने सांगतात, "मॅडम, तीन पुरवण्या लावल्या." दोष त्यांचा नाही. गाईडवाल्यांनी प्रत्येक घटनेला सहा कारणं आणि सहा परिणाम वाटून दिले आहेत. पानिपतालाही सहा आणि 1857 लाही सहाच. ती पाठ केली की पास होता येतं. तेव्हा माझ्याकडे येणाऱ्याची पहिली मागणीही ठरलेली: "आयएमपी काढून द्या."

गेल्या वर्षी एक एसटी कंडक्टर यायला लागले. वय अठ्ठेचाळीस, एम.ए.चं दुसरं वर्ष. गाडीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. आधुनिक महाराष्ट्राचा पेपर राहिला होता. त्या दिवशी दख्खनचे दंगे, म्हणजे 1875 मधला शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव, घ्यायचं ठरलं होतं आणि ते गाईडमधलं उत्तर लिहूनच आले होते. पहिल्याच ओळीत 'अहमदनगर जिल्ह्यातील सुपे' असं होतं. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, हे मला जरा खटकतंय. सुपं दोन आहेत. एक नगर रस्त्याचं, पारनेर तालुक्यातलं, एमआयडीसीचं. दुसरं चौफुल्याहून मोरगावकडे जाताना लागतं ते, बारामती तालुक्यातलं. यातलं कुठलं?"

दुसरं. 12 मे 1875 ला ठिणगी पडली ती पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात. दंगे पुढे नगर जिल्ह्यात पसरले, म्हणून गाईडवाल्याने सुपंही तिकडे नेऊन ठेवलं असावं. हे पुस्तक दर वर्षी नव्या मुखपृष्ठासह निघतं आणि आतलं सुपं मात्र जागचं हलत नाही. ही चूक इतक्या वर्षांत माझ्याकडच्या एकाही विद्यार्थ्याला दिसली नव्हती, नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनासुद्धा.

म्हणून मी त्या दिवशी मुद्दे बाजूला ठेवले. एरवी परीक्षा तोंडावर असताना हा चैनीचा प्रकार मी करत नाही. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. अहवाल इंग्रजीत. त्यातल्या काही कागदांचं मराठी मी माझ्यापुरतं करून ठेवलं आहे. त्यातलं एक भाडेखत त्यांच्यापुढे ठेवलं. एक शेतकरी सावकाराला लिहून देतो: माझ्या लोखंडी आसांच्या दोन गाड्या आणि चार बैल मी तुम्हाला विकले. पुढे त्याच कागदात: त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले, दरमहा भाडं देईन, आणि तुमच्या हातची पावती घेईन. पावती नसेल तर भाडं दिलं होतं असं मी म्हणणार नाही.

मी वर्गात हे भाडेखत वाचून दाखवते तेव्हा सगळे विक्रीच्या भागावर हळहळतात. आपलेच बैल आपणच भाड्याने घ्यायचे म्हणजे काय! मीही तिथेच थांबून बोलते, कारण परिणाम तिथे चांगला साधतो. मास्तरांनी तो भाग झरकन वाचला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, खरी गोम इथं आहे. पावती देणार कोण?"

"सावकार."

"आणि त्यानं दिली नाही तर?"

तर काही नाही. सावकार पावत्या देत नाहीत, ही त्या काळच्या रयतेची ठरलेली तक्रार होती. मास्तर खुर्चीत सरळ बसले. "आमच्यात पैसे घेऊन तिकीट न देणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. नोकरी जाते. पूर्वी ट्रे असायचा तेव्हा प्रत्येक टप्प्याला तिकिटाचा नंबर वेबिलावर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, लिहायचो. तपासणी पथक चढलं की नंबर बघणार, माणसं मोजणार. आता मशीन आहे, पण पथक चढतंच. हा शेतकरी पैसे देऊन बसलेला माणूस आहे, पण हातात तिकीट नाही. आणि उतरताना ओरडणार नाही असं त्याच्याकडून आधीच लिहून घेतलंय."

मी त्यांना विचारलं, मग पथक कोणतं? कोर्ट का? ते म्हणाले, कोर्ट कागद बघणार आणि कागद तर सावकाराचा. अगदी तसंच घडत होतं. दिवाणी न्यायालयात खत, म्हणजे कर्जाचा लेखी करार, पुरेसं होतं.

मग हिशेब निघाला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खताचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू असा की व्याज साचू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून बसू लागलं. हे मी नेहमी एका वाक्यात सांगते. अहवालात एक प्रकरण आहे, शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज लावल्याचं, तेही सांगते. मास्तरांनी मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला. दर काय धरू? म्हटलं, महिन्याला शेकडा दोन धरा. तीन वर्षांत 100 चे 172. त्याचं नवं खत. सहा वर्षांनी 296 च्या आसपास, नऊ वर्षांनी 509, बाराला 875, पंधराला 1505. मग ते थांबले. "1859 ते 1875 म्हणजे सोळा वर्षं. पाचच खतं होतात. दोन हजारांपर्यंत पोचत नाही. एक तर दर जास्त असणार, नाहीतर कर्ज जुनं असणार." शेकडा अडीच धरून पुन्हा केलं, तेव्हा पाच खतांत 2476 आले. त्यांचं समाधान झालं. आपल्याकडे दामदुपटीचा रिवाज होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मधल्या प्रत्येक नव्या खताने तो रिवाज कसा मोडला, हे त्यांच्या आकड्यांतच दिसत होतं.

इतकी वर्षं तो दोन हजारांचा आकडा मी सांगते आहे. तो येतो कसा, हे कोणी विचारलं नव्हतं.

मग ते दंग्यांवर आले. गाईडात आहे, 'शेतकऱ्यांच्या असंतोषाचा उत्स्फूर्त उद्रेक'. मास्तर म्हणाले, उद्रेकात माणूस माणसाला मारतो. इथं बहुतेक ठिकाणी सावकाराच्या वह्या आणि खतं मागितली, ती मिळाली की जाळली आणि लोक घरी गेले. यात राग होताच, शिरूरकडच्या करड्यात तर आदल्या वर्षाअखेरीपासून सावकारावर बहिष्कार होता. पण जाळायला नेमकं काय निवडलं ते बघा. बैल गोठ्यातच होते. हललेला फक्त कागद, आणि तोच जाळला. लोकांना वाचता येत नव्हतं, कुठलं खत कुणाचं कळणार नव्हतं, म्हणून सगळीच जाळली असतील, असंही त्यांनी आपणहून जोडलं.

शेवटी मी त्यांना 1879 चा कायदा काढून दाखवला, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा. गाईडात तो परिणाम क्रमांक चार आहे, दीड ओळीचा. त्या कायद्याने कोर्टाला खतामागचा व्यवहार उकरायची मुभा दिली, खतं गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे करायला लावली, आणि शेतकऱ्याला पैसे दिल्याची लेखी पावती मागायचा हक्क दिला. 'पावती' वाचल्यावर मास्तर इतके खूश झाले की त्यांनी चहा मागितला. चौकशी आयोगाने सरकारी शेतसाऱ्याला दोष दिला नाही, सगळं खापर सावकारावर फोडलं, हे ऐकल्यावर मात्र हसून म्हणाले, "आपली चौकशी आपणच केली की असंच होतं."

परीक्षेच्या आधी त्यांनी विचारलं, "हे लिहू का?" मी सांगितलं, आधी सहा मुद्दे लिहा आणि मग हे स्वतंत्र परिच्छेदात. मला अजूनही दुसरा सल्ला सुचत नाही. माणूस फी देतो ती पास होण्यासाठी.

20 पैकी 9 मिळाले. त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि ती घेऊन आले. सहा मुद्द्यांपुढे सहा बरोबरच्या खुणा. पुढच्या पानावर पावती, खतांचं गणित, जाळलेल्या वह्या. तिथे एकही खूण नाही, खाली आडवी रेघ. चुकीचं म्हणून काट मारली असती तर निदान वाचल्याचं तरी कळलं असतं. पेपर तपासायला मीही बसले आहे. एका पेपरामागे काय मिळतं आणि समोर गठ्ठे किती असतात, ते मला ठाऊक आहे. तपासणाऱ्याच्या हातातल्या आदर्श उत्तरात पावती नसणार आणि दिवसाचा कोटा पुरा करायचा असणार. हे सगळं समजतं, तरी ती रेघ डोक्यातून जात नाही. पेपर सुटला, म्हणून मास्तरांची तक्रार नाही. तक्रार माझी आहे आणि ती कुठल्या अर्जात बसत नाही.

आता लघुप्रबंधाचा विषय त्यांनी हाच घेतला आहे. त्यांना नेमून दिलेले मार्गदर्शक म्हणाले, "ज्यावर तयार मटेरियल मिळेल असं काहीतरी घ्या." मास्तर ऐकेनात. अडचण वेगळीच होती. पुण्याचं पुराभिलेखागार कचेरीच्या वेळेत उघडं आणि त्यांची ड्युटीही त्याच वेळेत. म्हणून डेपोत सांगून त्यांनी मुक्कामी गाडी मागून घेतली आहे, जी बाकीचे टाळतात. संध्याकाळी निघायचं, गावात झोपायचं, सकाळी परत, आणि दिवस मोकळा. तिथे उपयोगी पडावी म्हणून आठवड्यातून एकदा माझ्याकडे मोडी लिपी शिकतात. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली न थांबता अक्षरं लोंबकळवत जायचं, हे हाताला बसायला वेळ लागतो आहे. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग परीक्षाच मोडीत का घेत नाहीत?"